हवालदाराची बायको

आपली बायको वारल्याचं पुंजाराम डेर्ले यांना कळलं, तेव्हा त्यांची बायको ओट्यापाशी उभी राहून शेंगदाणे भाजत होती.

बाहेरच्या खोलीतून हुंदका ऐकू आला म्हणून कुसाबाईंनी गॅस बारीक केला आणि उलथनं हातात तसंच धरून त्या बाहेर आल्या. पुंजाराम खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं असतं हे त्यांच्या लक्षात नव्हतं. समोर टीव्ही चालू होता.

"काय झालं हो?"

"चिमणा गेली," पुंजाराम म्हणाले. "खिडकीतून गोळी घातली हरामखोरांनी. भाकरी थापत होती बिचारी."

कुसाबाईंनी टीव्हीकडं पाहिलं. चिमणा खरोखरच गेली होती. काठवटीशेजारी आडवी पडली होती, आणि तिच्याजवळ गुडघे टेकून वीस-बावीस वर्षांपूर्वीचे पुंजाराम खाकी कपड्यांत आक्रोश करत होते. मग बनियनची जाहिरात लागली.

"शेंगदाणे करपतील," असं म्हणून कुसाबाई आत गेल्या. ते करपलेच होते.

ही चिमणा म्हणजे हवालदार बहिरू शेलार यांची बायको, आणि हवालदार बहिरू शेलार म्हणजे पुंजाराम. 'चौकी नंबर नऊ' ही मालिका एके काळी इतकी चालायची, की तिच्या वेळेला नाशकात लग्नाच्या वराती थांबत, असं पुंजाराम सांगायचे. वराती काही थांबत नसत. पण रिक्षा मिळत नसे, एवढं खरं. दर आठवड्याला एक खून पडायचा. इन्स्पेक्टरसाहेब भलत्याच माणसाला धरून आणायचे. मग कोपऱ्यात तंबाखू मळत उभा असलेला हवालदार बहिरू म्हणायचा, "साहेब, एक गोष्ट आठवली." की झालं! खुनी पुढच्या जाहिरातीच्या आत बेड्यांत. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटका होता, कोणाच्या दारातला कुत्रा त्या दिवशी भुंकला नव्हता, सगळं बहिरूला आठवायचं. असा हवालदार खात्याला पुन्हा मिळाला नाही. आधीही मिळाला नव्हता.

चिमणाला गोळी का घातली, याचा तपास मालिकेत पुढं बरेच आठवडे चालला. खरं कारण त्यात आलं नाही. चिमणाचं काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या वाहिनीवर सासूचं काम मिळालं होतं. हवालदाराच्या बायकोपेक्षा सासूला आयुष्य जास्त असतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

पुंजाराम मूळचे सायखेड्याचे. कारखान्यात टाइमकीपर होते, संध्याकाळी नाटकं करायचे. मालिका मिळाली आणि नोकरी सुटली. त्यानंतर नाशकात त्यांना पुंजाराम म्हणणाऱ्या एक कुसाबाईच उरल्या, आणि त्या तर नाव घेत नव्हत्या. भाजीबाजारात बायका त्यांना अडवून सांगत, "बहिरूभाऊ, माझी वजनं चोरीला गेली, बघा की जरा." खरे पोलीस त्यांना बोलावून चहा पाजत आणि हळूच विचारत, की तुमच्या चौकीला गाड्या नव्या मिळाल्या का. कुसाबाईंना हसू येई. "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि निघाले लोकांची वजनं शोधायला."

मग मालिका बंद पडली, केस पांढरे झाले आणि चष्म्याच्या मागोमाग बाकीचंही सापडेनासं झालं. आधी किल्ल्या, मग दूधवाल्याचं नाव, मग घरी यायची वाट. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, दिव्याला धरून पाहिले आणि कुसाबाईंना सांगितलं, "काकू, आधी नवं नवं जातं. जुनं बराच काळ टिकतं."

कुसाबाई निश्चिंत झाल्या. त्यांच्याइतकं जुनं त्या घरात दुसरं होतं काय?

पण टीव्हीवरचंही जुनं होतं, हे डॉक्टर बोलले नाहीत. त्याच सुमारास वाहिनीनं दुपारच्या वेळेला 'चौकी नंबर नऊ' पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतली. दुपारी लोक झोपतात, त्यामुळे वाहिनीचं काही बिघडणार नव्हतं. पुंजाराम झोपत नव्हते. रोज जेवण झालं की ते खुर्चीत बसून आपलं आयुष्य बघत. ज्या जागा रिकाम्या होत चालल्या होत्या, तिथं हवालदार बहिरू आपली वळकटी घेऊन राहायला आला.

"तुमचं लग्न कुठं झालं हो?" कुसाबाई चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारत.

"शेगावला. देवळात. साहेब आले होते लग्नाला."

"आणि बायको कुठली?"

"शेगावचीच की. कोर्टात भेटली. साक्षीदार होती." पुंजाराम चहाचा घोट घेत. "लय धीट होती."

कुसाबाई देवळ्याच्या. कोर्टाची पायरी त्या आयुष्यात चढल्या नव्हत्या.

शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या, "टीव्हीच बंद करून टाक ना बाई."

"केला होता. दोन दिवस केला होता. तर भिंतीकडं तोंड करून बसले. चालू असला की बोलतात तरी."

"तुझ्याशी?"

"माझ्याशीच. चिमणाबद्दल." कुसाबाईंनी निवडलेल्या मेथीच्या काड्या उगाचच पुन्हा निवडल्या. "मला विसरले, त्याचं काही नाही गं. माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो. पण छत्री विसरून घरी यावं आणि लोकांची छत्री आपली म्हणून छातीशी धरून बसावं? मी कुठं तरी असेन का नाही त्यांच्या डोक्यात? एखाद्या कोपऱ्यात? मला एवढंच बघायचंय. एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं. मग खुशाल काय करायचं ते करा म्हणावं."

नवसाबाईंनी उरलेली मेथी आपल्या पुढ्यात ओढली. दोन दिवसांपूर्वीची गोष्ट तर कुसाबाईंनी त्यांना सांगितलीच नव्हती. आंघोळीच्या आधी सदऱ्याची बटणं काढायला त्यांनी हात पुढं केला, तेव्हा पुंजारामांनी तो हात धरला आणि अतिशय सभ्यपणे बाजूला केला होता. "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. बरं दिसत नाही." मग दाराबाहेर उभं राहून कुसाबाईंनी त्यांना एकेक बटण सांगितलं. आतून ते म्हणत होते, "झालं. पुढं?"

भाद्रपद आला. एका सकाळी पुंजाराम दाढी करून, टोपी घालून तयार झाले आणि म्हणाले, "नवमी आलीय. चिमणाचं पित्र घालायचं."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पित्र नवमीला असतं. दूधवाल्याचं नाव गेलं होतं, गल्ली गेली होती, पण नवमी तेवढी जागेवर होती.

"अगं, पण ती बाई मेलेली नाही!" नवसाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "परवा ती मसाल्याच्या जाहिरातीत होती. चांगली लठ्ठ झालीय."

"मग काय करू? नाही म्हटलं की ते रडतात. म्हणतात, पोलिसात नोकरी केली म्हणून बायकोचं काहीच केलं नाही, आता हेही करू देत नाही."

"तिला कळलं तर?"

"तिला कशाला कळतंय? आणि कळलं तर कळलं. माझ्या हातची खीर कुणाच्या नशिबात असते?"

अशा रीतीनं जिवंत सवतीचं पित्र जिवंत बायकोनं रांधलं. डांगराची भाजी, गवार, आळूच्या वड्या, उडदाचे वडे, कढी, खीर. काही कमी ठेवलं नाही. कुसाबाईंच्या सासऱ्यांच्या पित्राला कावळा नेहमी तासभर आळवायला लावायचा. त्या दिवशी तो आधीच कठड्यावर येऊन बसला होता. पुंजारामांनी पान ठेवलं न ठेवलं, तो घास घेऊन उडालासुद्धा. कावळ्याचं आणि टीव्हीचं काय ठरलं होतं कोण जाणे.

"तृप्त झाली," पुंजाराम म्हणाले. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "सवाष्ण कुठाय? सवाष्ण जेवल्याशिवाय कसं चालेल?"

नवसाबाई विधवा होत्या. त्यांनी कुसाबाईंकडं बोट केलं. "ही आहे की."

पुंजारामांनी कुसाबाईंना नीट न्याहाळलं. कुंकू पाहिलं, मंगळसूत्र पाहिलं. हवालदाराची नजर ती.

"यांचे यजमान आहेत ना?"

"आहेत," कुसाबाई म्हणाल्या.

"काय करतात?"

"नाटकं."

"अरे वा. बसा, बसा मग. संकोच करू नका."

कुसाबाई पाटावर बसल्या. आपण केलेलं जेवण त्यांना पाहुण्यासारखं वाढलं गेलं. पुंजारामांनी आग्रह करकरून खीर घातली. दुसरं कुणी नव्हतं म्हणून नवसाबाईंनीच ओटी भरली. आणि मग पुंजाराम खाली वाकले. गुडघे दुखत होते तरी एक हात भिंतीला लावून पुरते वाकले आणि त्यांनी कुसाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

कुसाबाईंनी पाय असे मागं घेतले, की पाट कलंडला.

"राहू द्या बाई," पुंजाराम खालूनच म्हणाले, "आज तुम्ही तिच्या जागी आहात."

त्या दिवशी जेवलेलं कुसाबाईंच्या अंगी लागलं नाही.

वैष्णवी आली ती दसऱ्यानंतर. कुंभमेळ्याच्या कामासाठी गल्ली खणून ठेवली होती, त्यामुळे तिची गाडी मागंच राहिली आणि ती चिखलानं माखलेल्या बुटांनी दारात उभी राहिली. तिशीची असेल. दिग्दर्शक होती. 'चौकी नंबर नऊ'चा एक खास भाग ती करणार होती, मोबाइलवर दिसतं त्यातल्या एका कंपनीसाठी.

"लहानपणी काकांना बघून मी पोलिसात जायचं ठरवलं होतं," ती म्हणाली.

"मग?" कुसाबाईंनी विचारलं.

"उंची कमी पडली."

पुंजारामांनी तिला बसल्या जागेवरून सलाम केला आणि पुन्हा टीव्हीकडं वळले.

कथा साधी होती. नवी इन्स्पेक्टर एक जुना खून उकरून काढते, आणि त्या वेळचं सगळं आठवणारा एकच माणूस हयात असतो: निवृत्त हवालदार बहिरू. "शेवटी काका चौकीत बसून मागं वळून बघतात," वैष्णवी सांगत होती. "सगळं आयुष्य. केसही त्यात सुटते. आणि बायकोबद्दल एक मोठं बोलणं आहे. फार सुंदर लिहिलंय."

"कोणत्या बायकोबद्दल?"

वैष्णवीला प्रश्न कळला नाही. "चिमणाबद्दल."

"पोरी," कुसाबाई म्हणाल्या, "तुला खोटं सांगत नाही. त्यांना काही म्हणता काही आठवत नाही. घरात कोण आहे तेही."

"अहो काकू, आम्ही बाजूला बसून वाक्यं सांगतो. आधी आम्ही बोलायचं, मागोमाग त्यांनी. आमचा आवाज नंतर काढून टाकतात. हल्ली सगळ्यांनाच सांगावी लागतात. ज्यांना आठवतं त्यांनासुद्धा."

नाहीच म्हणणार होत्या कुसाबाई. पण तेवढ्यात पुंजाराम खुर्चीतून उठले, पट्टा सारखा करावा तशी लेंग्याची नाडी सारखी केली, आणि म्हणाले, "ड्युटी किती वाजता?" आवाज खणखणीत. पाठ सरळ. असे ते किती महिन्यांत दिसले नव्हते. कुसाबाईंचा नकार तिथंच राहिला. सवतीकडं नवऱ्याला पाठवायचंच, तर निदान डबा तरी आपण द्यावा, म्हणून त्या म्हणाल्या, "मी बरोबर येणार."

मखमलाबाद रस्त्याला एक मंगल कार्यालय बंद पडलं होतं. तिथं चौकी उभी केली होती. वधूपक्षाच्या खोलीत कोठडी आणि बोहल्याच्या जागी इन्स्पेक्टरचं टेबल. पुंजारामांना खाकी नाही, निवृत्त माणसाचा पांढरा सदरा दिला, तरी चौकीत पाऊल टाकताच ते घरी आल्यासारखे झाले. बाकावरची धूळ त्यांनी हातरुमालानं झटकली. दंडुका कोपऱ्यात नीट उभा केला. मग खिशातून तंबाखू काढल्यासारखं करून असा काही अंगठा फिरवला, की लाइटवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या घरात ज्याला न्हाणीघर सापडत नव्हतं, तो माणूस खोट्या चौकीत डोळे मिटून फिरला असता.

पण बोलायची वेळ आली आणि गाडी अडली. वाक्यं सांगायला संतोष नावाचा सहायक होता. तो रेल्वेच्या घोषणेसारखा बोलायचा. त्यानं वाक्य सांगितलं, की पुंजाराम त्याच्याकडं वळून म्हणत, "हळू बोल. साहेब ऐकतायत." दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणाले, "हा कोण माणूस आहे? याची जबानी घेतली का?" संतोष घामाघूम झाला. वैष्णवी घड्याळाकडं बघू लागली.

"माझ्याकडं द्या ते कागद," मागून कुसाबाई म्हणाल्या. "आयुष्यभर घरात मीच सांगितलंय. यांच्या इन्स्पेक्टरचं काम माझ्याइतकं कुणी केलेलं नाही."

त्यांना कॅमेऱ्याच्या खाली एका बुटक्या स्टुलावर बसवलं. पुंजारामांना त्या दिसत होत्या, कॅमेऱ्याला दिसत नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी हलक्या आवाजात पहिलं वाक्य सांगितलं. पुंजारामांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. पाणी उताराला लागावं तसं वाक्य त्यांच्याकडं गेलं आणि त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा ते त्यांचंच झालेलं होतं. खून आठवला. खुन्याचा शर्ट आठवला. विहिरीवरची बादली आठवली. बहिरूला सगळंच आठवत होतं, नेहमीसारखं, फक्त ते आधी कुसाबाईंच्या ओठांवर येत होतं.

मग बायकोचं बोलणं आलं.

"माझी चिमणा गेली, तेव्हा मी ड्युटीवर होतो," कुसाबाई म्हणाल्या.

"माझी चिमणा गेली," पुंजाराम म्हणाले, "तेव्हा मी... ड्युटीवर होतो."

"घरात तिचा आवाज नाही, त्याची सवय होत नाही अजून."

"घरात तिचा आवाज नाही. सवय होत नाही अजून."

मागं कुणीतरी नाक ओढलं. कुसाबाईंनी पुढचं वाक्य पाहिलं. 'चिमणाला मी पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टाच्या आवारात.' छान टाइप केलेलं होतं. त्यांनी वाक्य पाहिलं, वर नवऱ्याकडं पाहिलं. तो तोंड किंचित उघडून, चिमणीच्या पिलासारखा, पुढच्या शब्दाची वाट बघत होता. त्यात काहीही टाकलं असतं तरी त्यानं गिळलं असतं.

कुसाबाईंनी कागद मांडीवर पालथा ठेवला.

"लग्न झालं देवळ्याला," त्या म्हणाल्या.

पुंजाराम थांबले. कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"लग्न झालं... देवळ्याला."

संतोषनं घाईघाईनं आपल्याजवळचे कागद उलटले. वैष्णवीनं त्याचा दंड धरला.

"उन्हाळ्याचे दिवस. एसटीनं नाशकाला निघालो. बाया पुढं, गडी मागं."

"उन्हाळ्याचे दिवस. एसटीत पाय ठेवायला जागा नाही. ती पुढं बायांमध्ये, मी मागं."

पाय ठेवायला जागा नाही, असं कुसाबाईंनी सांगितलं नव्हतं.

"लग्नसराई होती," त्या कशाबशा म्हणाल्या. "गाडीत आणखी नवरदेव होते."

"आणखी दोन नवरदेव गाडीत!" पुंजाराम एकदम हसले. "सगळ्यांच्या टोप्या पांढऱ्या, सगळ्यांच्या कपाळाला हळद. हिनं मला पाहिलंय कुठं? लग्नात मान खाली. पिंपळगाव आलं, एक नवरदेव उतरला. तर ही त्याच्या मागं उतरली!"

कुसाबाईंना सांगायला काही उरलंच नव्हतं. पुंजाराम आता कॅमेऱ्याकडं बघत नव्हते, कुणाकडंच बघत नव्हते.

"मी खिडकीतून बघतोय, माझी बायको चाललीय दुसऱ्याच्या मागं, पेटी घेऊन. आणि तो गाढव, त्यालाही कळेना, तोही चाललाय. मी उडी मारली. धावत गेलो. म्हटलं, अहो, ओ बाई, तुमचा नवरा मी आहे. तर पदर जरासा वर करून मला म्हणते कशी, 'तुम्ही कोन शेतस?'" पुंजाराम मांडीवर थाप मारून हसले. डोळ्यांत पाणी आलं. "आता काय सांगू मी कोण ते? लोक जमले. एक जण म्हणतो, पोलीस बोलवा. मग मला सुचलं. लग्नात नाव घ्यायचं होतं तिथं मी अडलो होतो, नाटकवाला असून अडलो, सगळे हसले होते. ते नाव मी तिथं स्टँडवर घेतलं. मोठ्यांदा. निफाडच्या शिवारात उसाला आला तुरा, कुसाचं नाव घेतो, नवरा मीच खरा. तेव्हा कुठं आली माझ्यामागं. तरी गाडीत बसल्यावर म्हणते, नाव तर कुणालाही..."

आणि ते थांबले.

त्यांनी वरच्या दिव्यांकडं पाहिलं. कॅमेऱ्याकडं पाहिलं. कोठडीच्या लाकडी गजांकडं पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्यांनी हात वर केला.

"थांबवा. बंद करा ते."

"काका, काय झालं?" वैष्णवी पुढं आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"हे बहिरूचं नाही," पुंजाराम म्हणाले. आवाज हवालदाराचा नव्हता. थोडा पातळ, सायखेड्याकडचा, कुसाबाईंना घरातला म्हणून माहीत असलेला आवाज. "हे माझं आहे. हे कुणी लिहिलं यात?"

पुंजारामांची नजर खाली आली आणि बुटक्या स्टुलावर बसलेल्या बाईवर थांबली.

"बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुसाबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथं राग होता, थोडी भीतीही होती. दुसरं काही सापडतं का म्हणून त्या शोधत राहिल्या.

"तुमच्या बायकोनं," त्या म्हणाल्या.

"कुसानं?"

"हो."

"ती असलं सांगत फिरत नाही कुणाला."

"मला सांगितलं. मी ओळखीची आहे."

पुंजाराम जरा निवळले. बाकावर पुढं सरकले आणि आवाज खाली आणून विचारलं, "कशी आहे?"

"बरी आहे. जरा थकलीय."

"थकणारच. एकटीवर सगळं टाकून मी इकडं." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि आणखी खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "तिला इकडं आणू नका हं. आणि या लोकांना तिच्याबद्दल काही सांगू नका. हे मालिकेत घालतील तिला. मला माहितीय ना. इथं बायका मारून टाकतात."

"नाही आणत," कुसाबाई म्हणाल्या.

"शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला. पुंजारामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, ओळखीच्या बाईचा धरतात तसा, आणि सोडला.

वैष्णवी कुसाबाईंच्या शेजारी उकिडवी बसली. "काकू," ती कुजबुजली, "हे सगळं आलंय. कॅमेरा चालूच होता. असं कुणी लिहूच शकत नाही. मी शेवट हाच ठेवते. चिमणाचं नाव नंतर आवाजात भरू, कुणाला कळणार नाही. अख्खा महाराष्ट्र रडेल."

कुसाबाईंना ते दिसलं. पडद्यावर पुंजाराम, मोठ्ठे, आणि त्यांच्या तोंडून पिंपळगावचा स्टँड. नवसाबाई बघतायत. देवळ्याचे भाऊ-भाचे बघतायत. पुन्हा पुन्हा लावता येईल, दुपारी, कितीही वेळा. आणि खुर्चीत बसून तेही बघतील.

"पुसून टाक, पोरी," त्या म्हणाल्या.

"काकू, असं नका करू. परत येणार नाही हे."

"मला माहितीय." कुसाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "ते नाही म्हणालेत ना? मग नाही. माझ्यासमोर पूस. मला त्यातलं काही कळत नाही, पण पुसलेलं कळेल."

वैष्णवीनं संतोषला खूण केली. संतोषनं मशीनशी काहीतरी केलं आणि कुसाबाईंना रिकामी काच दाखवली. त्यांनी ती नीट पाहून घेतली.

दिवे पुन्हा लागले. बाकावर पुंजाराम तोंड किंचित उघडून वाट बघत बसले होते. मघाची आठी नव्हती, भीती नव्हती. डोळे स्वच्छ, कोरे. कुसाबाईंनी मांडीवरचा कागद सरळ केला, बोटानं ओळ शोधली.

"चिमणाला मी पहिल्यांदा पाहिलं," त्या हलकेच म्हणाल्या, "ते कोर्टाच्या आवारात."

"चिमणाला मी पहिल्यांदा पाहिलं," हवालदार बहिरू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत बरोबर जागेवर पाणी आलं.